ढोलीतला बाप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज बेडकावर बोलणार आहे असं घरी सांगितलं, तेव्हा सौ. म्हणाली, "आयुष्यभर तेच केलंत. आता रेडिओवरही तेच का?" तिचं म्हणणं खोटं नाही. दक्षिण कोकणातल्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं डॉक्टर झाली, काही बागायतीत रमली, एक तर पोलिसांत आहे. पण कुठंही भेटली की पहिली आठवण निघते ती बेडकाच्या विच्छेदनाची. मेण ओतलेला ट्रे, चार पायांना चार टाचण्या, क्लोरोफॉर्मचा तो गोडसर वास आणि "सर, याचं हृदय अजून चालू आहे!" म्हणून घाबरलेली एखादी मुलगी. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. त्याची आतडी, त्याच्या नसा, त्याची हाडं, सगळं मला तोंडपाठ.

निवृत्तीनंतरची गोष्ट. जूनचा पहिला मोठा पाऊस पडून गेला होता आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे वीज गेली होती. पुण्याहून आलेली नात माझ्याबरोबर पडवीत बसली होती. बाहेर नुसता गजर चालला होता. तिनं विचारलं, "आजोबा, हे कोण ओरडतंय?"

"बेडूक," मी म्हणालो.

"ते मलाही कळतंय. पण कुठला?"

मी गप्प. एक भारदस्त डराँव डराँव चालली होती, ती मोठ्या बैलबेडकाची, एवढं सांगता आलं. पण त्यात एक बारीक टिकटिक होती, एक लाकडावर बोटानं टकटक करावं तसा आवाज होता, आणखी एक कुठून येतो तेच कळत नव्हतं. मी टॉर्च घेऊन विहिरीच्या कडेला शोधू लागलो. तेवढ्यात आमच्या बागेत काम करणारा गडी माडाखालून म्हणाला, "मास्तरांनु, खाली खय बघतास? तो वर झाडार आसा."

श्रोतेहो, ३१ वर्षं बेडूक शिकवणाऱ्या माणसाला बेडूक वर पाहायचा की खाली, हे ठाऊक नव्हतं. ज्याचं पोट फाडलेलं असतं तो बोलत नाही. त्यामुळे बेडकाला आवाज असतो, हे मी आकृती काढून शिकवलं होतं. ऐकलं मात्र नव्हतं.

ही खंत मी एका जुन्या विद्यार्थ्याला बोलून दाखवली. तो अमेरिकेत, अटलांटा शहरात असतो. त्यानं मला फोनवर एक ध्वनिमुद्रण पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं: "सर, हा ऐका. आता असा आवाज काढणारा कुणी उरलेला नाही."

त्या आवाजाची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. आवाज मात्र ऐकवता येणार नाही, आणि मी माझ्या घशातून काढला तर तुम्ही रेडिओ बंद कराल. घोगरा, खडबडीत, तुटक आवाज. लांबवर कुत्रं भुंकतंय की काय असं वाटावं. तो काढणारा होता मध्य अमेरिकेतल्या पनामा देशातला एक झाडबेडूक.

पनामात एल व्हाये नावाचं एक गाव आहे. हे अख्खं गाव एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात वसलेलं आहे. भोवती डोंगरांचं कडं आणि त्यावर ढगांत बुडालेलं सदाहरित जंगल. अशा जंगलाची मजा अशी, की जमिनीवरून चालणाऱ्याला ते जेमतेम निम्मंच दिसतं. उरलेलं निम्मं वर, शेंड्यांच्या छतात असतं. तिथं ऊन आहे, वारा आहे, फांद्यांवर साठलेली माती आहे, शेवाळ आहे, आणि झाडांच्या ढोल्यांमध्ये साठलेलं पाणीही आहे. काही जीव जन्मल्यापासून मरेपर्यंत त्या मजल्यावरच राहतात. हा बेडूक तसा. जमिनीवरच्या डबक्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

आकारानं चांगला थोराड. मोठा नर दहा सेंटिमीटरच्या आसपास भरायचा. तपकिरी, शेवाळी रंग, खोडाला चिकटून बसला तर साल कुठली आणि बेडूक कुठला ते कळू नये. डोळे मोठे. हातापायांच्या कडांना कातडीची झालर. पंजे तर अंगाच्या मानानं भलतेच मोठे, आणि बोटांच्या टोकांपर्यंत पडद्यानं जोडलेले. झाडावरून उडी मारली की तो हे चारही पंजे छत्रीसारखे उघडायचा आणि तरंगत, दिशा बदलत खाली यायचा. आपल्याकडे आंबोलीत किंवा गोव्याच्या जंगलात पावसाळ्यात हिरवागार मलबारी उडता बेडूक दिसतो, त्याचीही युक्ती हीच. दोघांची कुळं वेगळी, मध्ये महासागर. पण उंच झाडावर राहायचं तर पडायचं कसं हे आधी शिकावं लागतं, ते दोघंही आपापले शिकले.

पण मला या बेडकाबद्दल सगळ्यात जास्त वाटलं ते त्याच्या संसाराबद्दल. मादी ढोलीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, लाकडाला अंडी चिकटवायची आणि निघून जायची. मागं थांबायचा तो बाप. पिलं बाहेर येऊन पाण्यात पडली की प्रश्न यायचा खाण्याचा. ढोलीतल्या वाटीभर पाण्यात असणार काय? मग तो बाप उलटा सरकत पाण्यात उतरायचा, अंगाचा मागचा भाग बुडवायचा आणि स्वस्थ बसायचा. पिलं येऊन त्याच्या कातडीचे बारीक कण खरवडून खायची. पिलांसाठी हाडाची काडं केली असं आपण म्हणतो. हा बाप आपली कातडी खाऊ घालत होता.

आपल्याकडे संकुचित माणसाला कूपमंडूक म्हणायची पद्धत आहे. विहिरीतला बेडूक, त्याला जग काय ठाऊक! हा तर विहिरीपेक्षाही लहान जागेत, झाडाच्या ढोलीत राहणारा. त्याला जग ठाऊक नव्हतं हे खरंच. पण जगालाही तो ठाऊक नव्हता. २००५ सालापर्यंत त्याला नाव नव्हतं, त्याची कुठं नोंद नव्हती.

२००५ साली शास्त्रज्ञ तिथं गेले, ते नवा बेडूक शोधायला नव्हे. आग लागलेल्या घरातून सापडेल ते उचलून आणावं तसे ते गेले होते. १९९०च्या दशकापासून मध्य अमेरिकेच्या डोंगरांत बेडूक झपाट्यानं मरत होते. कॅरेन लिप्स या संशोधिकेच्या लक्षात आलं, की हे मरण कोस्टा रिकाकडून पनामाकडे, पश्चिमेकडून पूर्वेकडे, डोंगराडोंगरानं पुढं सरकत आहे. नदीला पूर आला की वरच्या गावावरून खालच्या गावाला अंदाज येतो, तसा तिला पुढचा मुक्काम सांगता येऊ लागला. २००४ साली एल कोपे इथल्या जंगलात ते पोहोचलं आणि काही महिन्यांत ओढ्याकाठी मेलेल्या बेडकांची रांग लागली. त्याच्या पूर्वेला एल व्हाये. पुढची पाळी त्याची.

मारेकरी होती एक बुरशी. नाव कायट्रिड. तिचा शोध १९९८ साली लागला. डोळ्यांना न दिसणारे तिचे बीजाणू पाण्यातून पोहत येतात आणि बेडकाच्या कातडीत घर करतात. आता कातडी म्हणजे आपल्याला वाटतं वरचं वेष्टन. बेडकाचं तसं नाही. तो पाणी तोंडानं पीत नाही, कातडीनं पितो. श्वासाचा मोठा वाटा कातडीतून. शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळते तीही कातडीच. बुरशीनं कातडी जाड आणि निकामी केली की रक्तातले क्षार घटत जातात, आणि शेवटी ते हृदय थांबतं. तेच तीन कप्प्यांचं हृदय, जे मी हजारो मुलांना दाखवलं. ज्या कातडीवर या बापानं पिलं पोसली, नेमकी तीच कातडी त्या बुरशीचं खाद्य होती.

ही बुरशी जगभर पोहोचवली कोणी? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं तिचं मूळ पूर्व आशियात दाखवलं. तिथले बेडूक तिच्याबरोबर राहायला सरावलेले होते. विसाव्या शतकात माणसानं बेडकांचा व्यापार सुरू केला: खाण्यासाठी, पाळण्यासाठी, आणि हो, प्रयोगशाळांसाठीही. १९३०च्या दशकापासून आफ्रिकेतले नखवाले बेडूक जहाजांतून जगभर जात, कारण बाई गरोदर आहे की नाही हे त्यांच्यावरून ओळखता येई. बेडूक गेले तिथं त्यांच्या अंगावरची बुरशीही गेली. आपणही या व्यापारात होतो. आपल्या शेतातले बैलबेडूक रात्री बत्तीच्या उजेडात पकडून पोत्यांनी जात आणि त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या जात. १९८७ साली भारतानं ही निर्यात बंद केली. माझ्या प्रयोगशाळेत येणारे बेडूकही असेच पोत्यातून यायचे. पोतं दारात टाकून माणूस पैसे मोजून घेऊन जायचा. ते कुठल्या शेतातले, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही.

असो. अटलांटातलं वनस्पती उद्यान आणि तिथलं प्राणिसंग्रहालय यांच्या मंडळींनी बुरशी येण्याआधी एल व्हायेमधून जमतील तेवढे बेडूक गोळा करून अमेरिकेला नेले. त्या गडबडीत वरच्या छतातले हे अनोळखी थोराड बेडूक हाती लागले. आणखी बेडूक पनामातच वाचवायचं काम एदगार्दो ग्रिफिथ आणि हायडी रॉस या जोडप्यानं हाती घेतलं. त्यांच्या केंद्राची इमारत तयार नव्हती, तर त्यांनी गावातल्या एका हॉटेलात खोल्या मिळवून तिथं बेडूक ठेवले. २००६ साली बुरशी एल व्हायेत आली. जंगलातला या जातीचा शेवटचा आवाज २००७ साली ऐकला गेला. एक नर कुठल्याशा झाडावरून ओरडत होता. त्यानंतर नाही.

आणि मग २००८ साली या जातीचं बारसं झालं! जोसेफ मेंडेलसन आणि सहकाऱ्यांनी तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. उभयचरांसाठी आयुष्यभर झटलेल्या जॉर्ज आणि मेरी रॅब या दांपत्याच्या नावावरून तिला नाव दिलं, 'एक्नोमिओहायला रॅबोरम'. बारसं झालं तेव्हा पाळणा जवळजवळ रिकामा झालेला होता. मेंडेलसन यांनी पुढं या प्रकाराला एक शब्दच वापरला. गुन्ह्याच्या जागी येऊन मृताची ओळख पटवणाऱ्या न्यायवैद्यकाचं काम आता आम्हा वर्गीकरणवाल्यांना करावं लागतं आहे, असा त्याचा आशय. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या विषयात नवी जात सापडणं म्हणजे दिवाळी असते. इथं नाव देणं आणि पंचनामा करणं एकाच कागदावर आलं होतं.

अमेरिकेत नेलेल्या मोजक्या बेडकांची वीण वाढवायचे प्रयत्न झाले. यश आलं नाही. शेंड्यावरच्या ढोलीत पाणी कसं असतं, पिलांना नेमकं काय लागतं, हे शिकायला वेळच मिळाला नव्हता. त्यांच्यातली शेवटची मादी २००९ साली गेली. मग उरले दोन नर, दोन वेगळ्या संस्थांत. त्यांतल्या प्राणिसंग्रहालयातल्या नराची प्रकृती खालावली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याला वेदनामुक्त मरण देण्यात आलं. मग एकच राहिला.

त्या एकाची देखभाल करणारे मार्क मँडिका यांच्या लहानग्या मुलानं त्याचं नाव ठेवलं 'टफी'. आपल्या भाषेत म्हणायचं तर चिवट्या. चिवट्या वनस्पती उद्यानातल्या वेगळ्या, सुरक्षित खोलीत राहत होता. बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत अशी व्यवस्था. इथं आल्यापासून तो ओरडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. नर बेडूक ओरडतो तो मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला बजावण्यासाठी. दोन्ही नसतील तर ओरडायचं कुणासाठी?

डिसेंबर २०१४ मध्ये एके दिवशी मँडिका यांना एक अनोळखी हाक ऐकू आली. त्या खोल्यांमधल्या बाकी सगळ्या बेडकांचे आवाज त्यांना पाठ होते. हा त्यांतला नव्हता. ते हळूच जवळ गेले. चिवट्या ओरडत होता. त्यांनी खिशातला फोन काढला आणि तो आवाज मुद्रित केला. माझ्या विद्यार्थ्यानं मला पाठवला तो हा.

आता इथं थोडं थांबतो. बेडकाला एकटेपण कळतं का, तो दुःखानं ओरडला का, हे मी सांगणार नाही. मी विज्ञानाचा माणूस आहे. माझं मन त्याच्या घशात घालायचा मला अधिकार नाही. शरीरात रसायनं बदलली, हंगाम जाणवला आणि तो ओरडला, एवढं पुरे आहे. पण ऐकणारा माणूस होता, आणि माणसाला कळत होतं की या हाकेला ओ देणारं पृथ्वीवर कुणी असल्याचं ठाऊक नाही. दुःख असलंच तर ते ऐकणाऱ्याच्या कानात होतं. आणि ते तिथं असायलाच हवं होतं.

चिवट्याचं चित्र पुढं २०१५ च्या डिसेंबरात व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या दर्शनी भिंतीवर प्रकाशझोतानं उमटवलं गेलं. लाखोंनी ते पाहिलं. २६ सप्टेंबर २०१६ रोजी सकाळी तो मेलेला आढळला. माणसाला ही जात ठाऊक होऊन तेव्हा अवघी ११ वर्षं झाली होती.

एकटा तोच गेला असता तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार या बुरशीमुळे उभयचरांच्या निदान ५०१ जातींची संख्या घटली, आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्या किंवा झाल्या असाव्यात. २०२३ च्या आढाव्यात जगातल्या उभयचरांच्या दर पाच जातींपैकी दोन धोक्यात असल्याचं दिसलं. पनामाचं राष्ट्रीय मानचिन्ह असलेला सोनेरी बेडूकही जंगलातून गेला. पण तो माणसाच्या हाती तग धरून आहे, त्याची पैदास होते, आणि १४ ऑगस्टला त्या देशात त्याचा दिवस साजरा होतो. दोघांत फरक काय? सोनेरी बेडूक ओढ्याकाठी राहायचा, लोकांच्या ओळखीचा होता, त्याच्या सवयी माहीत होत्या. ढोलीतल्या बापाची कुणाला ओळखच नव्हती. ओळख असली की वाचतोच असं नाही. पण ओळखच नसेल तर वाचवायला हात कुठं घालायचा तेही कळत नाही.

आता दुसरी बाजू सांगतो, म्हणजे रात्री झोप लागेल. १८७०च्या सुमारास थॉमस जेर्डन नावाच्या इंग्रज निसर्गसंशोधकानं दार्जिलिंग भागात एक झाडबेडूक गोळा केला. त्याचे नमुने लंडनच्या संग्रहालयात बाटलीत राहिले, आणि पुढं १३७ वर्षं तो कुणाला जिवंत दिसला नाही. सगळ्यांनी त्याचा नाद सोडला होता. २००७ साली प्रा. एस. डी. बिजू आणि त्यांचे सहकारी ईशान्य भारतात रात्री दुसरेच बेडूक शोधत हिंडत होते. त्यांचं लक्ष जमिनीवर, आणि सुरेल आवाज येत होते वरून, झाडांवरून. त्यांनी वर पाहिलं. ढोल्यांमध्ये जेर्डनचा बेडूक जिवंत होता! गंमत अशी, की हाही ढोलीतच संसार करतो, आणि पिलांना खायला घालते ती आई. ती पुनःपुन्हा येऊन पाण्यात स्वतःची न फळलेली अंडी घालते, तीच पिलांचं जेवण. ही सगळी हकीकत प्रसिद्ध झाली जानेवारी २०१६ मध्ये.

साल लक्षात घ्या. २००७ साली पनामाच्या जंगलात एक आवाज शेवटचा ऐकला गेला, आणि त्याच साली आपल्या ईशान्येत दुसरा आवाज पुन्हा सापडला. सापडला तो दुर्बिणीनं नव्हे, कानानं. त्या मंडळींनी ओळखीच्या आवाजांतून अनोळखी आवाज वेगळा काढला. मँडिका यांनीही तेच केलं. आणि आमच्या बागेतला गडी, ज्यानं प्राणिशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नाही, त्यालाही ते येत होतं. येत नव्हतं ते मला.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. आवाज ओळखीचा असेल तरच तो बंद झालेला कळतो. नाहीतर शांतता ही शांतताच वाटते. एखाद्या वर्षी आमच्या पडवीपुढची टिकटिक थांबली असती, तर तीन कप्प्यांचं हृदय शिकवणाऱ्या मला त्याचा पत्ताही लागला नसता. आमच्याच आंबोलीच्या पठारावर मोजक्या जागेत राहणारा एक भेक आहे, आंबोलीच्याच नावाचा एक झुडूपबेडूक आहे. दोघांनाही शास्त्रात नाव मिळालं २००९ साली. म्हणजे मी तिथून बसनं जात-येत होतो, तेव्हा ते रस्त्याकडेला ओरडत होते आणि बिननावाचे होते. त्या झुडूपबेडकांच्या गोतावळ्यात पिलांना पाण्यात पोहायचा काळच नसतो. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. हे माझ्या उंबऱ्याबाहेर चाललं होतं आणि मी मुलांना ट्रेमध्ये टाचण्या टोचायला शिकवत होतो.

सह्याद्रीच्या बेडकांवरही त्या बुरशीचा अंश तपासात आढळला आहे. पनामासारखं सामूहिक मरण आपल्याकडे नोंदलं गेलेलं नाही. घाबरून जायचं कारण नाही, पण निष्काळजीपणाही नको. पावसाळ्यात रात्री बॅटऱ्या घेऊन बेडूक पाहायला हल्ली पुष्कळ मंडळी येतात. यावं, जरूर यावं. फक्त बेडूक हातात घेऊ नये, एका जंगलातला बेडूक किंवा तिथलं पाणी दुसरीकडे नेऊ नये, आणि एका डोंगरावरचा चिखल बुटांना तसाच ठेवून दुसऱ्या डोंगरावर जाऊ नये. बूट धुवायला बादलीभर पाणी लागतं.

विच्छेदनाबद्दल मला विचाराल तर, २०११ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं ते टप्प्याटप्प्यानं कमी करण्याच्या सूचना दिल्या, तेव्हा स्टाफरूममध्ये कुरकुर करणाऱ्यांत मीही होतो. मुलं शिकणार कशी, असं मी म्हणालो होतो. आज वाटतं, वर्गाला एका पावसाळी रात्री ओढ्यावर नेऊन नुसतं बसवलं असतं, तरी पुष्कळ शिकली असती. मीही शिकलो असतो.

त्या जूनपासून नातीनं आणि मी एक वही घातली आहे. तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, आवाज कसा आणि कुठून. पानाच्या एका बाजूला तिचं वर्णन, दुसऱ्या बाजूला माझं. तिची वर्णनं माझ्यापेक्षा चांगली असतात. एका बेडकाला तिनं 'आजोबांचं घड्याळ' असं लिहिलंय, दुसऱ्याला 'पाटावर लाटणं'. गडी येऊन तपासतो आणि आमच्या चुका काढतो. आतापर्यंत नऊ आवाज ओळखीचे झाले आहेत. दहावा, आमच्या फणसाच्या शेंड्याजवळून येणारा, अजून सापडलेला नाही. फणसाला वर एक ढोली आहे. तिथं कोण आहे, मला माहीत नाही. पण आहे, एवढं वहीत लिहून ठेवलं आहे.

श्रोतेहो, मला दिलेली वेळ संपत आली. तुमच्याकडे आज पाऊस असेल तर माझं एक ऐका. हे भाषण संपलं की थोडा वेळ रेडिओ बंद करा. आकाशवाणीवाले मला रागावतील, पण करा. खिडकी उघडा, आणि कोण बोलतंय ते ऐका. एक आवाज तरी ओळखीचा करून घ्या.